सौदीला नर्स म्हणून जाताना: गप्प राहणं म्हणजे प्रभूला नाकारणं का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. बीएस्सी नर्सिंग झालं, अहिल्यानगरला आयसीयूचा अनुभव आहे, प्रोमेट्रिक ही परवान्याची परीक्षा पास झालीस, डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणीही झाली आणि रियाधच्या एका मोठ्या हॉस्पिटलात निवड झाली. घरात मात्र दोन मतं आहेत. पाळकसाहेब म्हणतात, जिथे प्रभूचं नाव घ्यायची सोय नाही तिथे पगारासाठी जाऊ नये, आणि गेलीसच तर साक्ष दिल्याशिवाय राहू नये. मामा म्हणतात, गळ्यातला क्रॉस इथेच ठेव, बायबल नेऊ नकोस, कुणी धर्म विचारला तर विषय बदल, कर्ज फेडण्यापुरती वर्षं काढ आणि परत ये. तुला दोघांचंही पटत नाही आणि दोघांचंही थोडं थोडं पटतं.

मी मिरजेला शिकले, मिशन हॉस्पिटलांत काम केलं, मग बरीच वर्षं आखातात वॉर्डात आणि पुढे नर्सिंग सुपरवायझर म्हणून काढली. आता निवृत्त आहे, बाहेर जाणाऱ्या मुलींना तयार करते. तू त्यांच्याच वयाची असशील, म्हणून 'तू'च म्हणते.

क्रॉसचं आधी उरकून टाकू, कारण तो प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. ड्युटीवर गळ्यात साखळी बहुतेक हॉस्पिटलांत चालतच नाही, इन्फेक्शन कंट्रोलवाले क्रॉसची काढायला लावतात तशी मंगळसूत्रासारखी लांब साखळीही काढायला लावतात. बाहेर मात्र सौदीत धर्मचिन्ह उघडं घालू नये. खरा पेच वेगळा आहे: चारचौघांत बोलायची परवानगी नसलेल्या ठिकाणी गप्प राहिलेला माणूस विश्वासू राहतो की हळूहळू नाकारायला लागतो?

याचं उत्तर बरंचसं तू नेमकी कुठे राहशील त्यावर आहे. आखात म्हणजे एकच देश समजून लोक सल्ले देतात, तसं नाही. बहारीनमध्ये अमेरिकन मिशन हॉस्पिटल १९०३ पासून आहे. कुवेत, दुबई, मस्कतला चर्च आहेत, कतारमध्ये २००८ पासून आहे. तिथे आवाराच्या आत उपासना होते, फक्त बाहेर प्रचार करायचा नाही. सौदी अरेबियात एकही चर्च नाही. मुस्लिमेतर धर्माची उघड उपासना करता येत नाही आणि धर्मप्रचार हा गुन्हा आहे. घराच्या आत खाजगी प्रार्थनेकडे सरकार साधारणपणे काणाडोळा करतं, पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येईल असा लेखी कायदा नाही. २०१६ मध्ये धार्मिक पोलिसांचे अटकेचे अधिकार काढून घेतले, तेव्हापासून रस्त्यावरची धास्ती पुष्कळ कमी झाली. तरी शहर, हॉस्पिटल, होस्टेलची वॉर्डन आणि खोलीतली दुसरी मुलगी यांवर तुझं रोजचं जगणं ठरेल. तेव्हा माझं किंवा कुणाचंही म्हणणं तिथे पोचून महिनाभर डोळे उघडे ठेवल्यावर ताडून बघ.

आणखी एक. त्या लोकांना मनात शत्रू ठरवून विमानात बसू नकोस. तिथला कायदा तुझ्या उपासनेला जागा देत नाही, हे खरं. पण वॉर्डात तुझ्यासमोर असेल ती गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी, जी घरून आलेला गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आधी तुझ्या हातात देईल आणि मग स्वतः पिईल. तिच्याकडे शत्रू म्हणून बघत ड्रेसिंग करणारी नर्स कुठल्याच देवाला विश्वासू नाही.

आता गप्प राहण्याविषयी. तू ख्रिस्ती आहेस ही गोष्ट सौदीत गुपित नसतेच. व्हिसाच्या अर्जात धर्माचा रकाना असतो, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, निघतो त्यातही मुस्लिम की मुस्लिमेतर याची नोंद असते. सरकारला माहीत, हॉस्पिटलला माहीत. राहिले पेशंट, आणि ते विचारतातच. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आजी हात धरून विचारेल, 'सिस्टर, मुस्लिमा?' तिथे मामांचा सल्ला उपयोगाचा नाही. विषय बदललास तर तिला वाटेल ही काहीतरी लपवते आहे, आणि तुलाही रात्री झोप लागणार नाही. 'ला, मसीहिया', म्हणजे 'नाही, ख्रिस्ती', एवढं म्हणायचं. शांतपणे, बीपीचा कफ गुंडाळता गुंडाळता. पुढे ती मायेने म्हणेल, इतकी चांगली मुलगी, मुस्लिम का होत नाहीस? हसून 'शुक्रन' म्हणायचं आणि रीडिंग लिहायचं. यात वाद नाही, प्रचार नाही, खोटंही नाही. येशूला धरून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र अंगणात शेकोटीपाशी गप्प बसला होता तोवर त्याने काही नाकारलं नव्हतं. थेट विचारल्यावर 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला, तिथे घसरला. न विचारता न बोलणं आणि विचारल्यावर खोटं बोलणं यांत मी तेवढंच अंतर मानते, आणि ते पुरेसं मोठं आहे.

पाळकसाहेबांना बायबलमधला कर्मेल डोंगरावरचा संदेष्टा एलीया आवडत असणार. बआलाचे ४५० संदेष्टे एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे, कुणाला आवडत नाही? पण १ राजे १८ हाच अध्याय सुरुवातीपासून वाच. आधी ओबद्या येतो. हा अहाब राजाच्या घराचा कारभारी, म्हणजे ज्या दरबारात परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारायचे हुकूम निघत होते तिथला पगारी माणूस. त्याने शंभर संदेष्टे पन्नास-पन्नास करून गुहांत लपवले आणि दुष्काळात त्यांना भाकरी-पाणी पुरवलं. एलीया त्याला म्हणतो, जाऊन राजाला सांग मी आलोय, तर हा घाबरून जातो: अहाब मला मारून टाकेल! शास्त्र त्याच्या भीतीला नाव ठेवत नाही, 'तो परमेश्वराचं फार भय धरणारा होता' असंच सांगतं. माझ्या ओळखीच्या बहुतेक धीराच्या नर्सेस ओबद्याच्या जातीच्या होत्या. हात थरथरायचे, काम मात्र व्हायचं.

मिशन हॉस्पिटलात ऑपरेशनआधी सर्जन डोळे मिटून प्रार्थना करतो, मग सुरी मागतो. तिथून आलेल्या मुलीला वाटतं, ते बंद झालं की आपलं ख्रिस्तीपण संपलं. मग ती ठरवते की पेशंटच्या उशाशी तरी दोन शब्द बोलायचे. ते करू नकोस. कायद्याचं कारण आहेच, पण कायदा नसता तरी मी नाही म्हटलं असतं. पलंगावरचा माणूस आपल्या हातात असतो. त्याला पाणी आपण देतो, बेडपॅन आपण देतो, दुखणं थांबवणारं इंजेक्शनही आपणच देतो. 'नको' म्हणायचं पूर्ण स्वातंत्र्य त्याला नसतं, म्हणून त्याच्यापुढे धर्माची गोष्ट ठेवणं योग्य नाही. आपल्याकडेही हा नियम पाळावा असं माझं मत आहे, आणि त्यावरून इथल्या काही ज्येष्ठांशी माझं पटत नाही.

याला जोडून पंडिता रमाबाईंचा एक प्रसंग मी मुलींना सांगते. शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवा मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असा शब्द रमाबाईंनी दिलेला होता. त्या स्वतःच्या खोलीत मुलीला, मनोरमेला, घेऊन शास्त्र वाचत, प्रार्थना करत, आणि दार उघडं असे. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये पुण्यात रण माजलं, रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलावलं नाही, पण स्वतःच्या घरात दार लावून का प्रार्थना करू? सल्लागारांचं म्हणणं होतं, ज्यांच्या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या त्यांचं काय? मला दोन्ही बाजू कळतात. तू मात्र रमाबाईंच्या जागी नाहीस. ते घर त्यांचं होतं, परिणाम त्यांनी स्वतः सोसले. तुझं होस्टेल हॉस्पिटलचं आहे आणि खोलीत आणखी एक मुलगी झोपते. तू दार उघडं ठेवलंस तर तिचाही इकामा जाऊ शकतो. दुसऱ्याच्या भाकरीवर आपलं धैर्य दाखवू नये.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते. तिथे तुझी परीक्षा प्रार्थनेवरून होईल असं तू धरून चालली आहेस. माझ्या पाहण्यात ती बहुतेक वेळा कागदावर होते.

मॉर्फिनची अँप्यूल १० मिलिग्रॅमची. ऑर्डर ४ मिलिग्रॅमची. उरलेलं ६ दुसऱ्या नर्सच्या डोळ्यांदेखत टाकून द्यायचं आणि रजिस्टरमध्ये दोघींनी सही करायची. पहाटे पाच वाजता, एकीकडे मॉनिटर वाजतोय, दुसरीकडे शिफ्ट बदलायची घाई, आणि एक सीनियर येऊन म्हणते, 'मी टाकलं गं, तू फक्त सही कर.' नव्व्याण्णव वेळा तिने खरंच टाकलेलं असतं. तरी तू पाहिलेलं नाहीस आणि सही म्हणते की पाहिलं. मी सही केली नाही. फार्मसीला कळवलं, मोजणी झाली, तासभर सगळ्यांचा खोळंबा झाला. मग महिनाभर माझ्याशी कुणी नीट बोललं नाही आणि नाताळची सुट्टी मागितली होती ती दुसरीला मिळाली. यात देवाचं नाव कुणीच घेतलं नाही, मीसुद्धा नाही.

दानीएलाचा सहावा अध्याय सगळ्यांना सिंहांसाठी पाठ असतो. चौथं वचन बघ. त्याच्या वाईटावर टपलेल्यांनी आधी त्याच्या राज्यकारभारात खोट शोधली. हिशेब तपासले असतील, दफ्तरं उपसली असतील. काही सापडलं नाही, कारण तो विश्वासू होता. तेव्हा कुठे त्यांना कळलं की याला अडकवायचं तर त्याच्या देवाच्या नियमावरूनच. खिडकी आणि प्रार्थना नंतर येते, आणि तिथेही त्याने नवं काही केलं नाही, पूर्वी दिवसातून तीनदा करायचा तसंच केलं. चार्टिंगमध्ये गडबड करणारी नर्स उद्या पकडली गेली तर तो छळ नव्हे, ती शिस्तभंगाची कारवाई. हा फरक आपल्या मंडळीत नेहमी केला जात नाही.

दुसरी जागा याहून अवघड. आखातात घरकामाला आलेल्या आफ्रिकेतल्या, इंडोनेशियातल्या, आपल्याकडच्याही बायका ॲडमिट होतात. कधी सोबत कुणी नसतं, कधी मालकीण असते आणि तीच सगळं सांगते: जिन्यावरून पडली. स्पंजिंग करताना पाठ उघडी केली आणि जिन्याने होणार नाहीत असे वळ दिसले. आता काय लिहिणार? पुष्कळ चांगल्या मुली तिथे 'पडल्याचा इतिहास' एवढंच लिहून पान उलटतात, आणि त्यांना मी सरसकट दोष देणार नाही, घरी पैसे पाठवायचे असतात. मी शिकवते ते असं. दिसलं तेवढं लिही: किती सेंटिमीटर, कुठे, कोणता रंग, नवं की जुनं. तिने काही सांगितलं तर तिच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत. कुणी केलं याचा तर्क लिहू नकोस. दुभाषा म्हणून मालकिणीला वापरू नकोस. डॉक्टरांना दाखव, चार्ज नर्सला सांग, सोशल वर्करला बोलावणं पाठव, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते नोंदव. सौदीत घरगुती अत्याचाराविरुद्ध २०१३ मध्ये कायदा आला आहे, मोठ्या हॉस्पिटलांत अशा केससाठी ठरलेली पद्धत असते. ती पद्धत जॉइन झाल्यावर लगेच विचारून घे, वेळ आल्यावर नव्हे.

अशा वेळी मला एबद-मलेख आठवतो. यिर्मया ३८. तोही परदेशातून आलेला, कूशी, राजवाड्यातला नोकर. सरदारांनी यिर्मया संदेष्ट्याला चिखलाच्या हौदात सोडलं होतं. राजा बन्यामीन वेशीत बसला असताना हा तिथे गेला आणि म्हणाला, या लोकांनी वाईट केलं आहे, तो तिथे उपाशी मरेल. राजाने ३० माणसं दिली. आणि मग जे त्याने केलं ते वाचून मला नेहमी वाटतं की हा माणूस नर्सच असायला हवा होता. तो भांडारातून जुनी फडकी आणि चिंध्या घेऊन आला, त्या दोरीने खाली सोडल्या आणि यिर्मयाला सांगितलं, या बगलेत ठेव, दोराखाली. म्हणजे ओढताना काचणार नाही! इतक्या दिवसांच्या उपाशी माणसाची कातडी दोराने सोलली जाईल, हे त्या घाईतही त्याला सुचलं. आपण पलंगावरच्या पेशंटच्या टाचेखाली आणि कोपराखाली घड्या घालतो तेच हे. बोलायला वरच्याकडे जायचं आणि चिंध्याही आणायच्या, दोन्ही एकाच माणसाने.

तिथल्या धर्माच्या रीतींविषयी तू शेवटी विचारलंस. रमजानात दिवसा चारचौघांत पाणीही पिऊ नकोस, तो तिथला नियम आहे आणि उपाशी माणसासमोर न खाणं हे साधं माणुसकीचं वागणं आहे. उशाशी कुराण असेल तर त्यावर ट्रे किंवा फाइल ठेवू नकोस, हलवायचं असेल तर घरच्यांना हलवायला सांग. शेवटच्या घटकेला पेशंटला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायचं असेल तर पलंगाच्या चाकांचे ब्रेक सोड, आयव्हीची नळी सांभाळ आणि मदत कर. तुझ्या मनाला टोचणी लागली तर २ राजे ५ काढ. अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन या त्याच्या देवाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. म्हणतो, शांतीने जा. मात्र तुला स्वतः कलमा म्हण, असं कुणी आग्रहाने सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण. मदत करणं वेगळं आणि तोंडाने कबुली देणं वेगळं.

स्वतःचा विश्वास कसा टिकवायचा, यावर लोक मोठमोठं सांगतात. छळामुळे विश्वास सोडलेली नर्स मला फारशी भेटली नाही. ओव्हरटाइम, सोन्याची दुकानं आणि सलग नाइट ड्युटी यांनी मात्र किती जणींचं वचन वाचणं बंद पडलं ते विचारू नकोस. सुट्टीच्या दिवशी डबल ड्युटी घेतली की चार पैसे जास्त, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप, असं करता करता वर्ष जातं. एक वार ठरवून मोकळा ठेव. स्तोत्रं पाठ करून जा, निदान पंचवीसेक, कारण पाठ असलेलं कुणाला काढून घेता येत नाही आणि नाइटला फोनही लागत नाही. वैयक्तिक वापराचं एक बायबल नेण्यावरून सहसा अडवत नाहीत, पण जास्त प्रती किंवा वाटायची पत्रकं बॅगेत ठेवू नकोस, 'मावशीला एवढं नेऊन दे' म्हणून कुणी दिली तरी.

सहभागिता मिळेल. मल्याळी आणि फिलिपिनो मुली लवकर ओळखतात, जेवणाआधी तू क्षणभर थांबलीस तरी त्यांना कळतं. तीन-चार जणींनी खोलीत बसून हळू आवाजात भजन म्हणणं वेगळं आणि हॉल घेऊन पन्नास जणी जमवणं वेगळं. फोटो काढू नका, कुणाचं नाव व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गावाकडच्या मंडळीलाही हे आत्ताच सांगून ठेव, नाहीतर 'आमची बहीण सौदीत प्रभूचं काम करते' अशी पोस्ट फोटोसकट फिरते आणि निस्तरावं तुम्हाला लागतं. ओबद्याने संदेष्टे पन्नास-पन्नास का ठेवले, हे मला आखातात गेल्यावर नीट कळलं.

आणि परत यावंसं वाटलं तर ये. खोट्या नोंदी करायला सारखं भाग पाडत असतील, पासपोर्ट काढून घेतला असेल, होस्टेलमध्ये सुरक्षित वाटत नसेल, तर टिकून राहण्यात काही मोठेपणा नाही. मत्तय १०:२३ मध्ये प्रभूनेच सांगितलं आहे की एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. पाळकसाहेबांना हे वचन दाखव, ते नाराज होणार नाहीत. मामांना एवढंच सांग की दोन वर्षं खोटं बोलून काढायची तर पगार कमी पडेल.

जायच्या आधी करार हातात घे. अरबी आणि इंग्रजी दोन्ही प्रतींवर पगार, ड्युटीचे तास, राहण्याची सोय आणि नोटीसचा काळ सारखाच लिहिला आहे का ते कुणा अरबी जाणणाऱ्याकडून बघून घे, कारण मतभेद झाला तर तिथे अरबी प्रत धरली जाते. एजंट ईमायग्रेट या भारत सरकारच्या पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तूच तपास, त्याच्या तोंडी शब्दावर राहू नकोस. पासपोर्ट, करार आणि नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीच्या प्रती आईकडे ठेव, रियाधच्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे लिही. कराराची प्रत आली की त्यातलं वैयक्तिक सगळं खोडून इथे टाक, मी वाचून सांगते.